नाव बॅप, आला मात्र आईकडून

२०२४ च्या दिवाळीला आठ-दहा दिवस होते. अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. (थोरल्या बहिणीचा मुलगा, न्यू जर्सीला असतो.) एरवी त्याचा फोन रविवारी सकाळचा, चहाच्या वेळेला. हा आला मधल्याच वारी. मी आचोळे रोडवरून भाजी घेऊन नुकतीच जिना चढून आले होते, धाप लागलेली. तो म्हणाला, "मावशी, आजीचा डोळा कशामुळे काढला होता गं?"

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट ही! इतक्या वर्षांत कोणी विचारली नव्हती. मी पिशवी खाली ठेवली आणि आधी उलट विचारलं, "तुला काय झालंय?"

शिक्षिकेची सवय. प्रश्न कुठून येतो ते लगेच कळतं.

चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून तो गेला होता. बाहुली मोठी करायचं औषध घालून डोळा आतून बघितला तर उजव्या डोळ्यात, आतल्या रंगद्रव्याच्या थरात गाठ. डोळ्यातला मेलॅनोमा. हा कॅन्सर गोऱ्या लोकांत जास्त, आपल्याकडच्यांत विरळा. म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून घरच्यांची चौकशी केली. याने आठवेल ते सांगितलं. आई किडनीच्या कॅन्सरने गेली, मामा छातीत पाणी होऊन गेला, आणि आजीला एकच डोळा होता असं ऐकलंय. बाई लिहिता लिहिता थांबल्या म्हणे. मग रक्त तपासलं आणि त्यात 'बॅप-१' नावाचं जनुक बिघडलेलं निघालं.

(आता तो बरा आहे. किरणोत्सारी द्रव्याची एक छोटी चकती काही दिवस डोळ्याला शिवून ठेवली होती. डोळा वाचला. नातेवाईक मंडळींनी कृपया त्याला फोन करून "काय रे हे" म्हणू नये. हे सगळं लिहायची परवानगी त्यानेच दिली आहे, पण नावं, गावं मी गाळली आहेत.)

वहिनींना हे सांगितलं तेव्हा फोनवर त्यांनी 'बाप-एक' असंच ऐकलं. म्हणाल्या, "वन्सं, बापाकडून येतं का ते?" मला त्या स्थितीतही हसू आलं. नाव बॅप, पण आमच्या घरात आला आईकडून.

तर माझ्या आईची हकीकत अशी. १९६५ साली, मी चौदा वर्षांची असताना तिला डाव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं. राजापूर तालुक्यातलं आमचं खेडं. आधी देवीचा कौल, मग वैद्य, मग मुंबईचं मोठं इस्पितळ. डोळा काढावा लागला. चार वर्षांनी ती काविळीने गेली. आमच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी. डोळा गेला तो नजर लागून आणि आई गेली ती काविळीने. डोळ्यातला हा कॅन्सर पुढे पसरतो तो बहुतेक वेळा यकृतात, हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी भाच्याकडून कळलं. म्हणजे गेली पंचावन्न वर्षं मी आईचा मृत्यूच चुकीचा सांगत होते. वाईट वाटलं. का ते नीट सांगता येत नाही.

आता हे बॅप-१ आहे तरी काय? मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. विज्ञानाशी संबंध म्हणजे सहशिक्षिका रजेवर असल्या की त्यांच्या वर्गावर जाऊन बसायचं. (त्या एन्झाइमला 'विकर' शिकवायच्या आणि मुलं पेपरात 'विकार' लिहून यायची. आज वाटतं, मुलं अगदीच चूक नव्हती.) पुढे लिहिते आहे ते भाच्याच्या मुलीने तीन रविवार खर्च करून मला समजावलेलं आहे. ती तिकडे जीवशास्त्र शिकते. तिचं मराठी आणि माझं इंग्रजी, दोघी मध्येच कुठेतरी भेटायचो. मी वहीत उतरवलं, तिला वाचून दाखवलं, तिने दोनदा नापास करून तिसऱ्यांदा पास केलं.

आपल्या पेशीत प्रथिनं सतत तयार होतात आणि काम संपलं की मोडीत निघतात. कोणाला मोडीत काढायचं ते कळावं म्हणून पेशी त्याला एक चिठ्ठी चिकटवते. ही चिठ्ठी म्हणजे सुद्धा एक चिमुकलं प्रथिनच, ७६ दुव्यांचं. नाव युबिक्विटिन. या चिठ्ठीच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्राएलचे चिकानोव्हर आणि हेर्श्को व अमेरिकेचे अर्विन रोझ यांना विभागून. पुढे कळलं की चिठ्ठीचा अर्थ दर वेळी 'मोडीत काढा' असाच नसतो. कधी 'आत येऊ नका' असतो, कधी 'हे पान मिटून ठेवा'. चिठ्ठ्या चिकटवणारी विकरं वेगळी आणि चिकटलेल्या चिठ्ठ्या काढणारी वेगळी. काढणारी माणसात शंभरेक आहेत. त्यातलं एक बॅप-१. १९९८ साली ते सापडलं ते बीआरसीए-१ या प्रथिनाच्या शोधात असताना, त्याला बिलगलेलं, म्हणून नावात त्याचा उल्लेख आला. (बीआरसीए-१ म्हणजे अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये ज्याबद्दल लिहिलं ते जनुक.)

मला शाळेतलं उदाहरण सुचलं. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आमच्याकडे असलं की वर्गांच्या दारांवर कागद चिकटवायचे, 'हा वर्ग बंद आहे'. परीक्षा संपली की शिपाईमामा एकेक कागद काढत फिरायचे. ते रजेवर गेले की शिक्षक हजर, मुलं हजर आणि वर्ग मात्र बंदच. आपला डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्या रिळांवर अशाच 'बंद' च्या चिठ्ठ्या असतात. बॅप-१ पेशीच्या केंद्रकात जाऊन त्यातल्या ठराविक चिठ्ठ्या काढतं. डीएनए तुटला तर तो सांधायच्या कामातही त्याचा हात असतो.

गंमत पुढेच आहे. या चिठ्ठी काढणाऱ्याच्या अंगालाही चिठ्ठी लागते! दुसरं एक विकर बॅप-१ ला नेमक्या त्या जागी चिठ्ठ्या लावतं, जी जागा दाखवून त्याला केंद्रकात प्रवेश मिळायचा असतो. चिठ्ठी लागली की हा बाहेर उभा. मग हा काय करतो? स्वतःची चिठ्ठी स्वतःच काढतो आणि आत जातो. हे २०१४ साली दाखवलं गेलं. आता ज्या बिघाडात चिठ्ठी काढणारं टोकच निकामी झालेलं असतं, तिथे त्याला स्वतःची चिठ्ठीही काढता येत नाही. पेशीत प्रथिन आहे, मोजलं तर पुरेसं भरतं, पण कामाच्या जागेवर नाही. (सरकारी कचेरीत खेपा घातलेल्या कोणालाही हे समजायला अवघड जाऊ नये.)

शिवाय एकट्याने त्याला काम होत नाही. एएसएक्सएल घराण्यातलं एक जोडीदार प्रथिन सोबत लागतं. तो जोडीदारच तुटका असला तर मात्र उलटा प्रकार होतो. बॅप-१ नको इतकं कामाला लागतं आणि ज्या चिठ्ठ्या राहायला हव्यात त्याही काढत सुटतं. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये जोडीदार असा तुटका सापडतो. म्हणजे कमी पडलं तरी कॅन्सर आणि जास्त झालं तरी कॅन्सर. हे ऐकल्यावर मी भाच्याच्या मुलीला म्हटलं, "अगं, मग कोणी जगतं कसं?" ती म्हणाली, "आजी, त्याचंच आश्चर्य वाटतं."

जनुकातला बिघाड म्हणजे काय हे समजायला मात्र इतिहासाच्या बाईला वेळ लागला नाही. 'ध' चा 'मा'! नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असं लिहिलेलं कोणीतरी 'मारावे' केलं आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात जे व्हायचं ते झालं. आख्यायिका म्हणून सोडून द्या, पण एका अक्षराने काय होतं ते प्रत्येक मराठी पोराला ठाऊक आहे. बॅप-१ मध्ये पुष्कळदा अर्थ बदलण्याइतकंही होत नाही. वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो. ७२९ दुव्यांचं प्रथिन व्हायचं ते अर्ध्यावर तुटतं आणि निरुपयोगी होतं.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. जन्मतः एक प्रत बिघडलेली मिळाली तरी दुसऱ्या प्रतीवर माणूस पन्नास-साठ वर्षं व्यवस्थित काढतो. मग कुठल्या तरी एका पेशीत ती दुसरीही बिघडते आणि तिथून सुरुवात होते. आईकडे असा बिघाड असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. आम्ही तीन भावंडं. दादा, ताई आणि मी.

आता दादाबद्दल.

दादा १९६६ साली मुंबईला आला आणि उपनगरातल्या एका ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात लागला. १९९४ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं तिथेच होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. वहिनी त्याचे कपडे दारात झटकायच्या आणि भाची, तेव्हा तीन-चार वर्षांची, त्या धुळीत बोटाने चित्रं काढायची. मी स्वतः बघितलंय. आम्ही कौतुकाने बघितलंय! कारखान्यात अधूनमधून छातीचे फोटो काढायचे, पण ते हातात कधी मिळाले नाहीत. २००२ मध्ये त्याच्या छातीत पाणी झालं. आधी टीबीची औषधं झाली, मग पुन्हा पाणी, पुन्हा काढलं, आणि शेवटी कागदावर 'मेसोथेलिओमा' हा शब्द आला. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. २००३ च्या पावसाळ्यात तो गेला. घरात सगळ्यांना सांगितलं गेलं, "फुप्फुसाचा टीबी बळावला." असं सांगायचं ठरवलं कोणी? आम्हीच. मीही त्यात होते.

भाच्याचा निकाल आल्यावर घरातल्या एका शहाण्या माणसाने मला ऐकवलं, "म्हणजे कारखान्याचा दोष नव्हता तर. तुमच्या घराण्यातच होतं." हे वाक्य मला झोंबलं आणि हा लेख लिहायला घेतला त्याला निम्मं कारण ते आहे.

दोष घराण्यात होता, मान्य. पण नुसती एक प्रत बिघडून दादा पंचवीस वर्षांचा असताना आजारी नव्हता. ॲस्बेस्टॉसचे सुईसारखे तंतू फुप्फुसाच्या आवरणात जाऊन रुततात आणि तिथल्या पेशींचा डीएनए वर्षानुवर्षं दुखावत राहतात. इतक्या दुखावलेल्या पेशीने खरं तर मरून जायला हवं. इथे बॅप-१ चं दुसरं काम येतं. केंद्रकाच्या बाहेर, कॅल्शियम सोडणारं एक दार असतं, त्या दारावरच्या चिठ्ठ्या काढून बॅप-१ ते दार शाबूत ठेवतं. कॅल्शियम वाहिलं की खराब पेशी वेळेवर मरते. २०१७ साली हे उलगडलं. बॅप-१ निम्मंच असलं तर दार पुरेसं टिकत नाही, खराब पेशी मरायची ती जगते आणि वाढते. एक प्रत बिघडवलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, त्यांना साध्या उंदरांपेक्षा फार कमी ॲस्बेस्टॉसनेही हा कॅन्सर झाला. आणि ज्यांना असा कुठलाही वारसा नाही अशांना मेसोथेलिओमा होतो तेव्हासुद्धा निम्म्याहून अधिक गाठींमध्ये बॅप-१ पुढे आयुष्यात बिघडलेलं सापडतं. मग घराणं आणि धूळ यात वाटणी कशी करणार? जनुक नाजूक होतं हे धुळीला दोषमुक्त करण्याचं कारण कसं होऊ शकतं? काचेचा पेला खाली पाडला तर "काच होती म्हणून फुटला" असं कोणी म्हणतं का?

आणि सगळ्या कामगारांचं जनुक थोडंच बिघडलेलं होतं? डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या १८१ कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष छापले. दर पाचातल्या एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस होता, म्हणजे तंतूंनी फुप्फुस निबर होण्याचा आजार. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं होतं की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवायच्या. त्या हिशेबाने दादाचे कागद २००९ पर्यंत कुठेतरी असायला हवे होते. आम्ही मागायला गेलो नाही, कारण आम्हाला हा निकालच माहीत नव्हता. जगातल्या साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केला. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली ती २०२४ मध्ये, म्हणजे तिकडेही उशीरच. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण बाहेरून माल येतो आणि पत्रे बनतात.

पत्र्यांवरून आठवलं. १९८६ मध्ये आचोळ्याच्या आमच्या चाळीतल्या खोलीपुढे पडवी काढली तेव्हा यांनी सिमेंटचे पत्रे स्वतः ब्लेडने कापले होते, रविवारची हौस म्हणून. मी खालची भुकटी खराट्याने लोटली. आजही इथल्या चाळींवर आणि गाळ्यांवर तेच पन्हळी पत्रे आहेत. घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. धड पत्र्याखाली राहणं आणि कारखान्यात राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. पण कापताना, भोक पाडताना, फोडताना ते सुटतात. तेव्हा निदान पत्रे कोरडे कापू नका, फुटके तुकडे मुलांना लगोरीला देऊ नका. (आम्ही देत होतो. उत्तम लगोरी व्हायची.)

आता मूळ मुद्द्यावर येते, नाहीतर भाचा म्हणेल मावशी वर्ग सोडून पटांगणात गेली.

हे बॅप-१ आणि कॅन्सर यांचं नातं कळलं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली नुसती पेशी बघून नाही. तुर्कस्तानात कॅपाडोसिया म्हणून भाग आहे. तिथल्या काही खेड्यांत जवळपास निम्मी माणसं मेसोथेलिओमाने मरायची. तिथल्या दगडात ॲस्बेस्टॉससारखंच एक तंतुमय खनिज आहे, एरिओनाइट. घरंच त्या दगडाची. पण संशोधकांनी घरोघर जाऊन वंशावळी काढल्या तेव्हा दिसलं की काही घराण्यांत मरणारे फार आणि काहींत कमी. म्हणजे दगडाबरोबर आणखी काहीतरी आहे, हा प्रश्न तिथे पडला. उत्तर मिळालं अमेरिकेतल्या दोन कुटुंबांत, २०११ साली. दोन्हीकडे मेसोथेलिओमाचे बरेच रुग्ण, पण कोणी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात नव्हतं. दोन्हीकडे बॅप-१ बिघडलेलं. आणि २०१५ मध्ये तर एका घराण्याचा माग नऊ पिढ्या मागे, सतराशेच्या काळात युरोपातून अमेरिकेत आलेल्या पूर्वजांपर्यंत लावला गेला.

नऊ पिढ्या! कशावरून? तर जुन्या नोंदींवरून, आणि घरच्यांनी सांगितलं म्हणून.

आपल्याकडे काय आहे? त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या घराण्यातल्या पुरुषांची नावं सापडतात, मी स्वतः बघून आले आहे. कित्येक घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापलेले आहेत. कोण कुठून आला, कोणी विहीर बांधली, कोणी वकिली केली. पण कोण कशाने गेलं? बहुतेक ठिकाणी नुसतं 'अल्पशा आजाराने'. आणि मुली? 'अमुक गावी दिली'. तिथे ओळ संपते. जनुकाला हे ठाऊक नसतं. ते मुलीबरोबर सासरी जातं, तिच्या मुलांत उतरतं, आणि आपल्या वंशावळीत मात्र ती फांदीच छाटलेली असते. माझ्या आईच्या माहेरची वंशावळ मी मागवली. आजोबा-पणजोबांची आठ पिढ्यांची नावं आली, सुवाच्य अक्षरात. आईचं नाव त्यात नव्हतं.

लाज वाटते म्हणून लपवतो, असं आपण म्हणतो. पण खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लग्नं. आमच्याच घरातलं सांगते. दादाच्या मुलीने, माझ्या भाचीने, तपासणी केलेली नाही. तिची शक्यता निम्मी, आणि लहानपणी ती त्या धुळीत बसलेली. तिच्या मुलीचं लग्न जमवणं चालू आहे. मला म्हणाली, "आत्या, एवढं लग्न होऊ दे. मग कोणाला काय सांगायचं ते सांग." वहिनी तिच्या बाजूने. मी गप्प बसले, कारण तिचंही चुकतं असं ठामपणे म्हणवेना. मुलीच्या घरात 'ते' आहे म्हटल्यावर दोन ठिकाणांहून पत्रिका परत आलेल्या मी पाहिल्या आहेत.

पण विचार करते तेव्हा वाटतं, दोन गोष्टींची गल्लत होते आहे. गावाला सांगणं वेगळं आणि ज्याचं रक्त आहे त्याला सांगणं वेगळं. नातीने कोणाला सांगावं, कधी सांगावं, तो तिचा प्रश्न, सव्वीस वर्षांची शहाणी मुलगी आहे. पण तिच्यापासूनच लपवायचं, तिच्याच भल्यासाठी? दर वर्षी एकदा डोळे आतून तपासणं, त्वचा बघून घेणं, किडनीची तपासणी, एवढं तरी ती करू शकते. ॲस्बेस्टॉसपासून लांब राहू शकते. मेसोथेलिओमा झालेल्यांतसुद्धा हा बिघाड वारशाने आलेले रुग्ण इतरांपेक्षा बरेच जास्त जगतात असं आढळलं आहे. म्हणजे 'कळून काय करायचं' या प्रश्नाला उत्तर आहे. दादाच्या पाठीवर गुलाबी-तपकिरी, मुगाच्या डाळीएवढे उंचवटे होते, आम्ही त्यांना चामखीळ म्हणायचो. भाच्यालाही आहेत. या बिघाडात अंगावर असे उठतात म्हणे. माझ्या भाचीच्या मानेवर एक आहे. तिला हे मी फोनवर सांगू शकले नाही. इथे लिहिते आहे. ती हे वाचते, मला माहीत आहे.

माझी तपासणी मी केली. भाच्याच्या रिपोर्टात कुठलं अक्षर चुकलंय ते नेमकं लिहिलेलं होतं, त्यामुळे माझ्यापुरतं अख्खं पुस्तक वाचायचं नव्हतं, एका पानावरची एक ओळ बघायची होती. खर्चही त्यामुळे बराच कमी येतो, हे नातेवाइकांनी लक्षात घ्यावं. टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळा विभाग आहे, तिथे आधी समुपदेशन होतं, मग रक्त. समुपदेशन करणाऱ्या मुलीने मला विचारलं, "आजी, निकाल काय आला तर तुम्हाला सर्वांत वाईट वाटेल?" मी हसले. वाटलं, काय विचारते ही!

निकाल आला. माझ्यात तो बिघाड नाही. म्हणजे माझ्या दोन्ही मुलींत नाही, नातवंडांत नाही. घरी येताना विरार लोकलमध्ये बायकांच्या डब्यात बसायला जागाही मिळाली, आणि मी नालासोपारा येईपर्यंत रडत होते. नाणं तीनदा उडवलं आणि मीच तेवढी सुटले, याचा आनंद कसा करायचा ते मला कोणी शिकवलेलं नाही. समुपदेशनवाल्या मुलीचा प्रश्न तेव्हा कळला.

भाचीला निकाल सांगितला तर ती म्हणाली, "मग तुझं काय जातं बोलायला, आत्या." खरं आहे. माझा रिपोर्ट उलटा आला असता तर मी हा लेख इतक्या जोरात लिहिला असता का? मला वाटतं, लिहिला असता. पण खात्रीने सांगत नाही.

आता कामाचं. मी एक दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येकाला एक पान. नाव, जन्म, कशाने गेले, कितव्या वर्षी, डोळा, छाती, किडनी, त्वचा यांचं काही होतं का, आणि काम कुठे करत होते. मुलींची पानं मुलांइतकीच. वही माझ्या कपाटात राहील, इथे कोणाचं नाव येणार नाही. आतापर्यंत एकतीस पानं भरली आहेत, त्यातल्या अकरा जणांपुढे 'माहीत नाही' आहे.

एक पान फारच अडलं आहे. आईची धाकटी बहीण, तिला १९५८ साली बेळगावकडे दिली होती. आई गेली तेव्हा ती आली होती, निळी इरकल नेसून, कडेवर एक आणि हाताला एक अशा दोन मुली घेऊन. त्यानंतर येणं-जाणं राहिलं नाही. आमच्याकडच्या कागदात तिचं सासरचं आडनावसुद्धा लिहिलेलं नाही. त्या मुली आता साठीच्या आसपास असतील. राजापूरकडच्या कोणाला त्या घरचा काही पत्ता आठवत असेल तर मला फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही.